मधुमेहींचं पोट आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अँटिऑक्सिडंटमुळे मधुमेहींच्या पोटाच्या नसा पूर्ववत होतात, असा मजकूर आपल्या आरोग्य पुरवणीत आला आणि माझ्या मेडिकलमध्ये त्या गोळ्यांची विचारणा सुरू झाली. विचारणाऱ्यांत बरेच जण पेन्शनवर भागवणारे आहेत, म्हणून हे पत्र.

मजकुराची पहिली बाजू खरी आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं (म्हणजे नसांच्या पेशींचं) स्वतंत्र जाळं असतं. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की घातक ऑक्सिजन-संयुगं (अँटिऑक्सिडंट ज्यांना आवर घालतात ती) वाढतात आणि या मज्जापेशी मरू लागतात. मग दोन घासांतच पोट गच्च होतं, सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडतं, रात्री-अपरात्री जुलाब होतात, नाहीतर बद्धकोष्ठ हटत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांचे हाल तर वेगळेच. अन्न जठरातच अडून राहतं, त्यामुळे जेवणानंतर साखर एकदम उतरते आणि मागाहून अवेळी चढते. हे सगळं आपल्याकडे 'गॅस' आणि 'पित्त' म्हणून अँटासिडवर काढलं जातं, आणि डॉक्टरांच्या कानावर जातच नाही.

दुसरी बाजू मात्र उंदरांची आहे. ब्राझीलमधील मारिंगा विद्यापीठात असे बरेच प्रयोग झाले. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन टोचून उंदरांना मधुमेह जडवायचा, क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व किंवा क्वेर्सेटिन (कांद्यात असतं ते) द्यायचं आणि आतड्यातल्या मज्जापेशी मोजायच्या. काही प्रयोगांत पेशींची हानी कमी झाली. संशोधन मोलाचं आहेच. पण तिथे मधुमेह नवा असतानाच पूरक सुरू होतं. पंधरा वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या मेलेल्या पेशी त्यामुळे परत येतात, असा अर्थ त्यातून निघत नाही.

माणसांवर सर्वाधिक अभ्यास झाला तो अल्फा लिपोइक ॲसिड या अँटिऑक्सिडंटचा, तोही मुख्यतः पायांच्या नसांसाठी. २००६च्या एका चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅमने पाच आठवड्यांत पायांची आग, टोचणी कमी झाली. चार वर्षं चाललेल्या 'नाथन-१' चाचणीत मात्र मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही (२०११). याच्या आधारे आतड्याबद्दल खात्री कशी देता येईल?

शिवाय 'जीवनसत्त्वच ते, अपाय काय करणार' हा समज घातक आहे. अमेरिकेतल्या 'सिलेक्ट' चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने काही ग्लुकोमीटर आणि दंडावरचे सेन्सर साखर खोटी वाढलेली दाखवतात. त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवलं तर जिवावर बेतेल.

नसा वाचवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आजही साखर आटोक्यात ठेवण्याचाच आहे. १९९३च्या 'डीसीसीटी' अभ्यासात, टाइप १ रुग्णांत, काटेकोर नियंत्रणाने नसांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला.

पुढच्या पुरवणीत कृपया एवढं ठळक छापावं: लक्षणं 'गॅस' न म्हणता जशी होतात तशी डॉक्टरांना सांगा, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असाल तर तेही सांगा, कारण त्यानेही जुलाब होतात आणि बी-१२ कमी पडतं, वजनासाठी सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन चालू असेल तर ते लपवू नका, त्याने जठर आणखी सावकाश रिकामं होतं.

आपला,
एक औषधविक्रेता, मिरज