आईच्या वहीची पाठपोट कार्डं

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

खोकं कुरिअरने निघालंय, आज-उद्या पोचेल. उघडायच्या आधी हे पत्र वाचा. खोक्यात जे आहे त्यामागे एक ठरलेली गोष्ट आहे, आणि फोनवर ती काढली की आईचा कुकर नेमका तेव्हाच होतो.

तर, येत्या एक तारखेपासून सकाळच्या स्वयंपाकाला मावशी येणार आहेत. पोळ्या, भाजी, आमटी-भात, आणि संध्याकाळचं जे काय थोडंफार असेल ते झाकून ठेवून जातील. दादाशी बोलून झालंय, वहिनीने मावशींना भेटून घेतलंय, आत्यालाही सांगितलंय. विचारायला हवं होतं असं तुला वाटेल, आई. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तुला नको म्हणू देऊन मी इथे बंगळुरूत स्वस्थ बसू शकले नसते.

ओट्याजवळचं जे झालं ते मी परत काढत नाही. मनगटाला वजन द्यायचं नाही असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं, आणि कणीक मळणं, कुकर उतरवणं, पिठलं घोटणं हे सगळं त्या मनगटावरच येतं. याचा अर्थ तुला आता जमत नाही असा मुळीच नाही. तुझ्या हातचं सगळ्यांना हवंच आहे, आणखी पुष्कळ वर्षं हवं आहे, म्हणून तो हात जपायचा. सणावाराला फोडणी तूच घाल. रोजचा रगाडा तेवढा दुसऱ्याकडे जाऊ दे. पगाराचं मी बघते, पण तो दर महिन्याला मावशींना तुझ्या हातून जाईल. घर तुझं आहे, त्यांना काय सांगायचं ते तूच सांगायचं.

आता खोक्यातलं. तुझ्या वहीतल्या रोजच्या कृतींची मी घरीच कार्डं छापली आहेत, पाठपोट. मावशी कितीही चांगल्या असल्या तरी त्यांची आमटी त्यांच्या घरची असणार. तुला दर वेळी ओट्याशी उभं राहून सांगत बसावं लागू नये आणि तरी बाबांच्या ताटात तुझीच आमटी यावी, यासाठी हा खटाटोप. पोटाच्या बाजूला तुझी कृती आहे, जशीच्या तशी. पाठीवर तीच कृती पथ्याची आहे, बाबांच्या बीपीसाठी. बाबांची तब्येत चांगली असो, पाहुणे असोत, नातवंडं आलेली असोत, तेव्हा पोट वाचायचं. एरवी पाठ. एकच कार्ड, तेव्हा कुठलंही हरवायची भीती नाही आणि "पथ्याचं वेगळं" म्हणून बाबांना वाईट वाटायचंही कारण नाही.

तुझे शब्द मी बदलले नाहीत. "वांगी मऊ होईतो", "पाणी बोटाच्या पेरापर्यंत", "कांदा रडेस्तोवर परतू नये" हे सगळं तसंच आहे. फक्त "अंदाजाने" होतं तिथे माप घातलं. म्हणून तर मी तुला फोनवर त्या कडा वळलेल्या वाटीत पाणी ओतायला लावत होते. ती भरते १६० मिली, बाजारच्या मापाचा कप २४० किंवा २५०. तो कप धरून कोणी तुझी आमटी केली असती तर दीडपट डाळ पडली असती. कार्डावर सगळीकडे "आईची वाटी" असंच लिहिलंय, आणि ती वाटी आता डाळीच्या डब्यातच राहील. दुसऱ्या कशाला वापरायची नाही. दह्याच्या विरजणालासुद्धा नाही.

वहीची अवस्था तुला माहीत आहे. २०१९ च्या पुरानंतर आपण ती माडीवर दोरीवर वाळत घातली होती, तेव्हापासून भरल्या वांग्याचं पान मी नीट पाहिलंच नव्हतं. या वेळी पाहिलं. जांभळी शाई कडेकडेला पसरून ढगासारखी झाली आहे, मध्ये हळदीचं बोट उमटलंय, आणि "तीळ" या शब्दापुढचा आकडा पार गेलाय. कागद इतका पातळ की स्कॅन करताना मागच्या पानावरची साबुदाण्याची खिचडी पुढे दिसायची. मग पानाखाली काळा कागद ठेवला, तशी मागची अक्षरं दबली आणि पुढची वर आली. तिळाचं माप शेवटी आत्याने सांगितलं, तिने तुझ्याकडूनच लिहून घेतलं होतं म्हणे, लग्नाआधी. वही मऊ सुती कापडात गुंडाळून खोक्यात सगळ्यात वर ठेवली आहे. ती आता स्वयंपाकघरात नको, कपाटात वरच्या खणात ठेवा. कृष्णामाई पुन्हा गावभागात आली तरी तिथवर पोचणार नाही.

बाबा, आता तुमच्याकडचं. छापखान्यातली तुमची नजर, हे तुम्ही बारकाईने पाहणार म्हणून आधीच सांगते.

घरचा प्रिंटर साधा, शाईच्या टाक्यांचा. कार्डाचा कागद २५० जीएसएम घेतला. एवढा जाड कागद प्रिंटरला आपणहून उलटवायला दिला तर तो आतल्या रुळांत वाकतो आणि अडकतो. म्हणून मागच्या ट्रेमधून एकेक ताव हाताने द्यायचा, एक बाजू काढायची, रात्रभर वाळू द्यायची, मग दुसरी. ए-फोरच्या एका तावात चार कार्डं बसतात, प्रत्येक १०५ बाय १४८ मिलीमीटर. पुढे डावीकडे आमटी असेल तर पाठीवर तिची जागा उजवीकडे, नाहीतर आमटीमागे वांग्याचं पथ्य छापलं जातं. मी शाळेत असताना तुम्ही रद्दीच्या कागदाची घडी घालून, त्यावर पानांचे आकडे टाकून, घडी उलगडून मला हे दाखवलं होतंत. तेच केलं. आधी साध्या कागदावर काढलं आणि दोन्ही बाजू खिडकीच्या उजेडाला धरून पाहिल्या. कॉम्प्युटर विचारतो, ताव लांब बाजूवर उलटायचा की आखूड. लांब बाजू सांगितली की दोन्हीकडची डोकी एका दिशेला येतात. कॅलेंडरचं पान वर उलटतात, तिथे पाठ उलटी छापलेली चालते. आपलं कार्ड खुंटीवरून काढून हातात फिरवायचं आहे, तिथे नाही चालणार.

चौकट टाकली नाही. कागद ओढताना प्रिंटर एखाद-दोन मिलीमीटर इकडचा तिकडे करतोच, आणि रजिस्टर, म्हणजे एका बाजूची छपाई दुसरीच्या बरोबर मागे, पक्कं बसत नसेल तर चौकटीच्या नादी लागू नये हे तुम्हीच सांगत आलात. चारी बाजूंना आठ मिलीमीटर मोकळे सोडलेत. अक्षर "तिरो देवनागरी मराठी" या फॉन्टचं आहे. त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. पुष्कळ फॉन्टांत भाषा मराठी निवडल्याशिवाय हिंदी वळणाचे पडतात, आणि ते पाहून तुमचा दिवस खराब झाला असता. आकार १६ पॉइंट ठेवला, आईच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तेवढा लागेल. त्यामुळे एका बाजूला पंधरा-सोळा ओळीच मावतात. रोजच्या कृतींना त्या पुरतात. पुरणपोळीला दुप्पट आकाराचं कार्ड घेतलं, तिला दाटीवाटीत बसवणं मला बरं वाटेना.

भोक दोनदा पाडलंय. लॅमिनेशन झाल्यावर पाडलं तर त्या कडेने ओल आत शिरते आणि कार्ड फुगतं. म्हणून आधी कार्डाला मोठं भोक, मग लॅमिनेशन, मग त्या मोठ्या भोकाच्या आतल्या नुसत्या प्लास्टिकला लहान भोक. कडेलाही तीन मिलीमीटर प्लास्टिक सोडलंय आणि कोपरे गोल केलेत, आईच्या बोटांना टोचायला नकोत. भोक पुढच्या बाजूने डाव्या कोपऱ्यात आहे, म्हणजे पाठीवर ते उजव्या कोपऱ्यात येतं. तेव्हा दोन्हीकडे तो कोपरा कोरा ठेवला आहे.

हे करताना मला सारखा आपला छापखाना आठवत होता. कागदाच्या रिमांवर मला बसवून तुम्ही कातरणाच्या पट्ट्या द्यायचात रंगवायला, आणि दुपारी आई डबा घेऊन यायची. तुमचे हात शाईचे असायचे, म्हणून आई एक घास तुम्हाला भरवायची आणि एक मला. ट्रेडलच्या, त्या पायाने चालवायच्या छपाईयंत्राच्या, आवाजात तुम्ही दोघं काय बोलायचात ते मला कधी ऐकू आलं नाही, पण तुम्ही दोघं हसत असायचात. आईच्या कृती छापायच्या तर त्या आपल्या घरच्यासारख्या छापायच्या, दुकानात टाकून यायच्या नाहीत, असं मनाने घेतलं ते त्यामुळेच.

आता पाठीच्या बाजूचं नीट ऐका. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. त्यात आमटी-भाजी आलीच, पण पापड, लोणचं, मेतकूट, सांडगी मिरचीही आली. म्हणून आमटीच्या पोटावर एक चमचा मीठ आहे आणि पाठीवर अर्धा. कमी झालेली चव भरून काढायला आमसूल एक जास्त, कोथिंबीर जास्त, आणि गूळ तेवढाच. अळणी लागणार नाही, मी इथे करून पाहिली आहे. ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धत बाबांच्या ताटापुरती बंद. तिथे लिंबाची मोठी फोड वाढ. बाबा, भातावर वरून मीठ घ्यायचं नाही, आईची पाठ वळली असताना तर नाहीच. आणि दुकानदार कमी सोडियमचं मीठ सांगेल, ते आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि तुमच्या गोळ्यांबरोबर ते चालतं की नाही हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात नको.

आई, गोड्या मसाल्याचं कार्ड मी केलेलं नाही. मुद्दाम. दगडफूल किती भाजायचं, खोबरं कुठल्या रंगावर उतरवायचं हे तुझ्या डोळ्यांनीच ठरायला हवं. मार्चमध्ये मी येतेय, तेव्हा तू खुर्चीवर बसून सांग, भाजायचं मी. मसाल्याचा डबाही तुझ्याच ताब्यात ठेव, मावशींना रोजचा काढून दे. लोणच्याचंही कार्ड नाही, तेही तुझंच.

सोबत रबराची जाड चटई आहे, ओट्यापुढे अंथरायची. आणि एक उंच स्टूल आहे, पाठ टेकता येते असं. त्यावर बसून मटार सोल, मावशींशी गप्पा मार, त्यांना शिकव. त्यांच्या पोळीला नावं ठेवू नकोस. पहिले काही दिवस चव इकडेतिकडे होईल. लगेच पदर खोचून उठायचं नाही.

खुंट्या लावायच्या त्या खिडकीच्या डाव्या बाजूला, गॅसच्या वर नाही. आचेने प्लास्टिक वाकडं होतं. कार्ड ओल्या फडक्याने पुसायचं, पाण्यात बुडवायचं नाही. सुताराला बोलवा, बाबा. तुम्ही स्वतः स्टुलावर चढून खिळे ठोकायचे नाहीत. हे मी दोनदा लिहिलंय असं समजा.

लॅमिनेशन झालेली कार्डं ही फक्त रोजची. सणाची, उपासाची आणि आजारपणाची (मऊ भात, मुगाचं कढण, तांदळाची पेज) अजून साध्या कागदावर आहेत, वेगळ्या पाकिटात. ती प्रूफं आहेत. बाबा, ती तुम्ही लाल शाईने तपासायची आहेत, पूर्वीसारखीच, समासात खुणा करून. आई शेजारी बसून मापं ऐकेल आणि चुकलं असेल ते सांगेल. घाई नाही, पण जेवण झाल्यावर लगेच डुलकी काढण्यापेक्षा रोज दोन-तीन कार्डं पाहिलीत तर बरं. तपासून झाली की कुरिअरने पाठवा, फोटो नकोत, फोटोत काना-मात्रा नीट दिसत नाहीत. उकडीच्या मोदकांच्या कार्डावर पाण्याचं माप मी कोरं ठेवलंय. नव्या तांदळाला किती आणि जुन्याला किती, ते आईने दोन्ही वेगळं सांगायचं.

बीपीची वही रविवारी मला वाचून दाखवा. संध्याकाळच्या गोळीला उशीर करू नका. मावशी पहिल्या दिवशी येतील तेव्हा मला व्हिडिओ कॉल लावा, मला त्यांच्याशी बोलायचंय.

तुमची,
मनू