सानिकाला मी समजावणार नाही

माळशिरस,
जून

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तू तरी समजाव तिला, तुझंच ऐकेल ती." मी नुसतं "बघते" म्हटलं. फोनवर बाबांशी वाद घालायला गेलं की दुसऱ्या मिनिटाला फोन आईच्या हातात असतो आणि आई कोथिंबिरीचा भाव सांगत असते. म्हणून हे पत्र. चष्मा लावून दोघांनी मिळून वाचा, आणि मग दादाला द्या.

सानिकाला मी समजावणार नाही. दादाच्या लेकीला माझ्यासारखं व्हेटर्नरीला जायचंय ना, मग जाऊ द्या. माझी एकच अट आहे, ती पुढे सांगते.

दादाचा हिशेब मला कळतो. नीटच्या मार्कांवर सरकारी एमबीबीएस बसत नाही, खाजगीची फी आपल्याला झेपणार नाही, म्हणून वर्षभर लातूरला ठेवून रिपीट. तेही नको असेल तर बीएएमएस, गावात दवाखाना, पाटी. आणि गुरांचा डॉक्टर म्हणजे "काहीच नाही जमलं तर". माझं भांडण या "काहीच नाही तर"शी आहे. अशा रीतीने आलेली मुलं माझ्या वर्गात होती. पहिलं वर्षभर त्यांच्या उशाशी पुन्हा नीटचीच पुस्तकं. काही गेली, काही राहिली, आणि राहिलेल्यांपैकी काहींना आजही गोठ्यात शिरताना नाकाला रुमाल लागतो. जनावराला हे लगेच कळतं, मालकाला त्याच्याही आधी. सानिकाने यादीत हे पहिलं लिहिलंय. पहिलं लिहिणाऱ्या पोरीला आपण दुसरीकडे ढकलायचं, हा कुठला शहाणपणा?

बाबा, तुमच्या माहितीत एक दुरुस्ती. बारावीच्या टक्क्यांवर सहज मिळणारी ही डिग्री आता राहिलेली नाही. हिलाही नीटचाच स्कोअर लागतो. राज्यातली कॉलेजं नागपूरच्या माफसू, म्हणजे पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत, आणि परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ या जुन्या सरकारी कॉलेजांत जागा मोजक्या. १५ टक्के जागा देशपातळीवरच्या कोट्यात जातात, त्या वेगळ्याच. साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. एमबीबीएसवाल्याला एकाच प्राण्याचं शरीर शिकायचं असतं. आम्हाला गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी. गाईच्या पोटाचे चार कप्पे, घोड्याचा एकच, आणि घोड्याला उलटी होत नाही म्हणून त्याच्या पोटदुखीत जीव जातो. हे सगळं पाठ केल्यावर लोक विचारतात, "म्हणजे नुसतं सुई टोचायचं ना?"

आईचा मुद्दा वेगळा आहे, तो मी विसरलेले नाही. "बाईमाणसाला ताकदीचं काम कसं जमेल?" माझ्या वेळीही तू हेच विचारलं होतंस. त्याचं उत्तर गेल्या महिन्यात एका वस्तीवर मिळालं, ते सांगते.

पंढरपुरी म्हैस, दिवस भरलेली, रात्रीपासून कळा देत होती आणि काहीच पुढे येत नव्हतं. घरातल्या तिघांनी हात घालून पाहिला होता. मी गेले तेव्हा ती दावणीला मान टेकून उभी होती, आणि मालकाची आई शेजारी बसून तिच्या शिंगांना तेल लावत होती. दुसरं काय करणार बिचारी. मी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला आणि हात आत घातला. मनगट गेलं आणि पुढे वाटच नाही. भिंतीला घड्या, ओलं लुगडं पिळावं तशा, उजवीकडे वळत गेलेल्या. पिशवीला पीळ पडला होता. म्हशींत हे बरंच आढळतं. अशा वेळी ओढून काही उपयोग नसतो, ओढलं की पिशवी फाटते.

मग तिला दोर टाकून उजव्या कुशीवर पाडली. गोठ्याच्या दाराची एक फळी काढून घेतली. फळीचं एक टोक जमिनीवर, बाकीची तिच्या पोटावर तिरपी, आणि त्या फळीवर मालकाच्या चुलत्याला उभं केलं. पीळ ज्या अंगाला, त्याच अंगाला म्हैस फिरवायची. फळीमुळे आतलं वासरू जागेवर दाबून राहतं आणि म्हशीचं शरीर त्याच्याभोवती फिरून पीळ उलगडतं. चार जणांनी पाय धरून तिला उताणी करत पलीकडच्या कुशीवर वळवली, चुलते फळीवरून चालत चालत तोल सांभाळत होते. पहिल्या वेळी सुटलं नाही. पुन्हा फिरवली. हात घातला तर घड्या गेलेल्या, वाट मोकळी, आणि बोटांना दोन खूर लागले. खूर चिमटला तर पाय आत ओढला. जिवंत.

बाकी काम अर्ध्या तासाचं. वगार निघाली, काळीभोर, कपाळावर पांढरा टिळा. घरात साखर वाटली. (रेडा असता तर साखर निघाली असती का, हे मी विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे.) तर आई, ताकद पाच पुरुषांची लागली, ती वस्तीवर फुकट मिळते. फळी कुठे ठेवायची आणि कुठल्या अंगाला फिरवायचं हे एकीलाच माहीत होतं. शिवाय माझा हात बारीक आहे. बाळंतपणात बारीक हाताला किती मान असतो ते एखाद्या अडलेल्या शेळीला विचार.

आता वाईट बाजू. ती मीच सांगितलेली बरी, नाहीतर दादाला कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेल.

लाथ बसते. माझ्या मांडीवरचा काळा डाग तू दिवाळीत पाहिलास, तो एका गरीब दिसणाऱ्या जर्सीचा. पण मला लाथेची भीती कमी वाटते. २०२२ साली लम्पी जळगावकडून राज्यभर पसरली, तेव्हा तुम्ही रोज फोन करून विचारायचात, "तुला नाही ना होणार?" लम्पी माणसाला होत नाही, ती माश्या, डास, गोचिडांमार्फत जनावरांतच फिरते. ज्याची खरी काळजी करायची त्याबद्दल तुम्ही कधी विचारलंच नाही. तो आजार ब्रुसेलोसिस. गाय गाभडली, वार अडकली, आणि कोणी उघड्या हाताने ती काढायला गेलं की तो माणसात येतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो, सांधे धरतात, महिनोन् महिने. कालवडींना द्यायची त्याची लस जिवंत असते, तीच सुई आपल्या बोटात गेली तरी धोका. सानिकाने हातमोजा कधी म्हणजे कधी विसरायचा नाही. हे मी तिच्या डोक्यात हातोडीने ठोकणार आहे. रेबीजची लस तर कॉलेजात असतानाच घ्यायची.

याहून जड गोष्ट पैशाची आहे. माझ्या पगाराची नव्हे. लोकसेवा आयोगातून आलं की पशुधन विकास अधिकारी गट-अ असतो, त्या बाबतीत बाबांनी निर्धास्त असावं. मी मालकाच्या पैशाबद्दल बोलतेय. माणसांच्या दवाखान्यात नातेवाईक म्हणतात, काहीही करा पण वाचवा. आमच्याकडे मालक गोठ्याच्या दारात उभा राहून मनात बेरीज करत असतो. वेत कितवं, दूध किती, औषधाला किती लागेल, पुन्हा गाभ धरेल का. आणि तो चुकत नसतो, कारण घरात मुलीची फी पण भरायची असते. बरं होऊ शकणारं जनावर आपल्या डोळ्यांदेखत सोडून द्यावं लागतं, आणि सोडणाऱ्यावर रागावताही येत नाही. पहिली काही वर्षं हे मला फार लागायचं. अजूनही लागतं, पण आता मी मालकाला खर्चाचा आकडा आधी सांगते आणि आजार नंतर.

लम्पीत तर उपचार एका हाताने आणि पंचनामे दुसऱ्या हाताने. सकाळी शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची, कारण तेव्हा तीच हाताशी होती, आणि दुपारी मेलेल्या बैलाशेजारी उभं राहून कागद भरायचा. दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५, वासराला १६. ज्याचा बैल गेला तो म्हणायचा, "मॅडम, वय जरा कमी लिवा." बैलाच्या वयाचा नुकसानभरपाईशी काही संबंध नव्हता, पण त्याला वाटायचं, तरणा लिहिला तर किंमत राहील. काहींचं वय मी विचारलंच नाही.

बाबा, तुम्हाला इतिहास आवडतो म्हणून एवढं एक. आजोबा बुळकांडीच्या साथीबद्दल सांगायचे, आठवतं? गावची गावं दावणी रिकाम्या, पेरणीला बैल नाही. ती बुळकांडी आता जगात कुठेही नाही. २०११ साली ती संपल्याचं जाहीर झालं. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेले रोग दोनच, एक देवी आणि दुसरा हा. आपल्याकडे त्यावर काम करणारी प्रयोगशाळा १८८९ साली सुरू झाली ती पुण्यातच, पुढे ती उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला हलवली. देवी गेल्याचं शाळेत तुम्ही आम्हाला शिकवलंत. बुळकांडी गेल्याचं मला व्हेटर्नरीत गेल्यावर कळलं. हे काम ज्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव सुया टोचत केलं, त्यांनाच लोक ढोरांचे डॉक्टर म्हणायचे. माझ्या लग्नाच्या वेळी एका स्थळाकडून हाच निरोप आला होता आणि तुम्ही दोन दिवस गप्प होता. मला त्याचं काही वाटत नाही आता. सानिकाच्या बाबतीत मात्र तुम्ही गप्प बसू नका, उलट विचारा त्यांना, सकाळचा चहा कशाचा घेता.

आता अट. सानिकाला कुत्री आवडतात, हे मला ठाऊक आहे. तिच्या फोनमध्ये पिल्लांचे व्हिडिओच जास्त. कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस वाईट नाही, पुण्या-मुंबईत चांगली चालते, माझ्या दोन मैत्रिणी तेच करतात. पण त्या टेबलापर्यंत पोचायची वाट म्हशीच्या गोठ्यातून, फॉर्मॅलिनच्या वासातून आणि कोंबड्यांच्या शवविच्छेदनातून जाते. ते तिने आधी बघावं. पुढच्या आठवड्यात माउलींची पालखी आमच्या तालुक्यात येतेय. रथाचे बैल, दिंड्यांची जनावरं, रिंगणाचे घोडे, सगळ्यांची तपासणी आमच्याकडे असते, आणि ओपीडी चालू ती चालूच. तिला माझ्याकडे पाठवा. पहाटे उठेल, उन्हात उभी राहील, शेणात हात घालेल. मी तिला काही भाषण देणार नाही. परत आल्यावर तिलाच विचारा. "आत्यासारखं नको" म्हणाली तर दादाने खुशाल लातूरचं बघावं, मी एक शब्द बोलणार नाही. "हेच" म्हणाली तर पर्यायांत शिरवळ पहिलं भरायचं. घरापासून जवळ, म्हणजे वहिनीचाही जीव भांड्यात पडेल.

आईच्या गुडघ्याच्या गोळीचं मला विचारू नका, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी चारशे किलोच्या हिशेबाने डोस काढते.

सानिकाला म्हणावं जुने कपडे आण, पांढरं काही नको. गमबूट माझ्याकडे जादा आहेत, सहा नंबर. बसत नसतील तर अकलूजला घेऊ.

तुमची,
वैशू