पगार बाजार ठरवतो म्हणे! कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय कामगार मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार. सहा महिन्यांत किमान वेतन वाढवतो असं तुम्ही माईकवरून बोललात तेव्हा टाळ्या आम्हीच वाजवल्या होत्या. त्याला आता वर्ष होऊन गेलं आणि काल तुमचं स्टेटमेंट आलं, की पगार बाजार ठरवतो, सरकारने हात घातला तर नोकऱ्या जातात. वा साहेब. हा बाजार आमच्या पॅकिंगला कधी फिरकलेला दिसला नाही, पगार किती ते सांगायला एचआरचा पोरगाच येतो.

नऊ वर्षं झाली मला पॅकिंगमध्ये, सगळी उभ्याने. सात मिनिटं लेट झालं की अर्धा तास कापतात, सुटल्यावर अर्धा तास थांबवलं तर तो मात्र "ॲडजस्ट" होतो. मागच्या महिन्यात मुलगी तापाने फणफणली, दोन खाडे पडले, वर हजेरी बोनस गेला, म्हणजे दोन दिवसांपायी चार दिवसांचा पगार गेल्यातच जमा. हे लिहिणार नव्हते खरं तर, पण निघालंच.

आता तुमच्या बाजाराबद्दल. गेटवर आठ महिने "भरती चालू आहे" चा बोर्ड लटकतोय, माणसं मिळत नाहीत. माल कमी पडला की भाव चढतो ना, मग आमचा का चढत नाही? कारण नवीन बाईला जास्त दिले तर आतल्या दीडशे जणींनाही द्यावे लागतील, त्यापेक्षा दोन जागा रिकाम्या ठेवून ते काम आमच्याच अंगावर टाकणं स्वस्त पडतं. याला मोनोप्सनी म्हणतात साहेब, श्रम विकणारे ढीगभर आणि ते घेणारा मालक एकटा. जोन रॉबिन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी 1933 सालीच मांडून ठेवलंय, तुमच्या सल्लागारांना कळवा.

दुसरीकडे जा म्हणाल. कशी जाऊ? मुलगी शाळेतून यायच्या आत घरी पोचता येईल अशा अंतरावर मालक दोन, दोघांचा रेट एकच. जाहिरातीत पगार लिहीत नाहीत, तो विचारायला इंटरव्ह्यूला जायचं, म्हणजे परत खाडा, परत बोनस गेला. नोकरी शोधण्यातच वेळ आणि पैसा जातो, म्हणून कामगार आणि काम आपोआप जुळत नाहीत, या अभ्यासावर डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडिस यांना 2010 चं नोबेल मिळालं. आम्हाला ते फुकट कळलं, तेही उभ्या उभ्या.

आणि नोकऱ्या जातात हे कुणी सांगितलं? 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीने किमान वेतन तासाला 4.25 वरून 5.05 डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही. कार्ड आणि क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची मिळून 410 फास्ट फूडची दुकानं तपासली, न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्याच नाहीत. कार्ड यांना 2021 चं नोबेल मिळालं. यावर वाद आजही आहेत, आणि किमान वेतन वाट्टेल तेवढं चढवलं तर माणसं कमी करतील हे मलाही कळतं, मी काय मालकाची खुर्ची मागत नाहीये. पण आहे तिथेच ठेवायचं आणि वर शास्त्राचं नाव सांगायचं? मोटारी बनवणाऱ्या फोर्डने 1914 ला दिवसाचा पगार जवळपास दुप्पट करून 5 डॉलर केला तो काय दया आली म्हणून? 1913 मध्ये त्याच्याकडची गळती 370 टक्के होती, म्हणजे शंभर जागांमागे वर्षात 370 माणसं सोडून जायची, माणूस टिकत नव्हता म्हणून.

तुमचा बेरोजगारी कमी झाल्याचा आकडाही वाचला. माझ्या नणंदेने थकून नोकरी शोधणंच सोडलं, आता ती बेरोजगारांत मोजली जात नाही, म्हणजे घरी बसून तिने तुमचा आकडा सुधारला. तिचा सत्कार करा एखादा! सगळी सिस्टीमच अशी आहे, तक्रार केली तर आधी विचारतात रजा कुणी मंजूर केली, आणि कामगारांच्या मीटिंगा ठेवतात कामाच्या वेळेत.

मागणं फार नाही. कबूल केलेली वाढ द्या, जाहिरातीत पगार लिहिणं सक्तीचं करा, आणि सोडून गेल्यावर वर्षभर दुसऱ्याकडे काम करायचं नाही असं आमच्याकडून लिहून घेतात ते बंद करा. पॅकिंगवालीला असं कुठलं गुपित माहितीये, चिकटपट्टी कुठे लावायची?

उत्तर द्यायला फोन करणार असाल तर रविवारी करा. बाकीचे दिवस मोबाईल गेटवर जमा असतो.

तुमची,
एक पॅकिंग कामगार