अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाका

महोदय,
वळवाचा पाऊस आला, जवळपास कुठं वीज पडली की जळगाव-भुसावळकडे टीव्ही, राऊटर, फ्रिजचे बोर्ड उडतात आणि लोक म्हणतात एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) होती ना, अहो एमसीबी ओव्हरलोड अन् शॉर्टसर्किटसाठी असते, क्षणभराचा सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा झटका, ती अडवत नाही. त्याला सर्ज प्रोटेक्टर लागतो, आणि तो झटका जमिनीत सोडणार कसा, अर्थिंगच धड नसेल तर? आपल्याकडे ४५ डिग्रीत काळी माती भेगाळते, सुकली की अर्थिंगचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा, वायरमनकडून मीटरनं मोजून घ्या, ५ ओहमच्या आत असलेला बरा. बाकी कूलरची तिसरी, अर्थिंगची पिन तोडून टू पिनमध्ये घुसवणारे बहाद्दर तर गल्लोगल्ली आहेत!
– एक वाचक, भुसावळ