जानेवारीत चातक कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांवरचा लेख वाचला. रात्रीच लिहायला बसणार होते, म्हटलं राग जरा उतरू दे, पण आज सकाळी परत वाचला आणि होता तेवढाच आहे. लेखकांचं म्हणणं काय, तर दहा-बारा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा सपोर्ट कंपनीने कुठवर द्यायचा, धंदा आहे, धर्मादाय नाही, आणि ज्यांना नवीन परवडत नाही त्यांनी मोबाईल वापरावा. भांडुप पंपिंग स्टेशनला, जिथे आम्ही पक्षी बघायला जातो, पाण्याच्या पलीकडच्या झाडावर बसलेला पक्षी मोबाईलने काढून दाखवा, मग आपण बोलू.

माझ्या कॅमेऱ्याला काहीही झालेलं नाही. शटर चांगलं, सेन्सर चांगला, लेन्सला आपल्या मुंबईच्या पावसात बुरशी लागू नये म्हणून मी डब्यात सिलिका जेल घालून ठेवते. गेलाय फक्त आतला तारीख-वेळ सांभाळणारा सेल. शर्टाच्या बटणाएवढा असतो, मोठी बॅटरी काढली की घड्याळ तो चालू ठेवतो. तो मेला की बॅटरी बदलताक्षणी कॅमेरा १ जानेवारीला जाऊन बसतो, वर्षही कुठलंतरी जुनंच. मग परत तारीख लावा. समोर पक्षी असताना कोण मेनूत शिरून तारीख लावत बसेल?

पावसाच्या तोंडावर मला चातक मिळाला, चांगला जवळून, डोक्यावरचा तुरा स्पष्ट. आमच्या पक्षी बघणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, नोंदही केली, आणि फोटोवर तारीख १ जानेवारी. लगेच विचारणा, ताई, जानेवारीत चातक कसा? आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, चातक आपल्याकडे पावसाबरोबर येतो, जानेवारीत मुंबईत चातक दिसला तर ती बातमी होईल. पक्ष्यांच्या नोंदीत तारीख हाच अर्धा पुरावा असतो हो. मी खरं सांगत असून मला खुलासे द्यावे लागले ते एका सेलपायी.

म्हणून कंपनीच्या सर्विस सेंटरला गेले. नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या मुलीने सिरियल नंबर टाकला आणि म्हणाली, मॅम, ये मॉडल सिस्टम में नहीं है. मी म्हटलं सिस्टममध्ये नसेल, माझ्या हातात आहे, बघ. तर म्हणे पार्ट्स बंद झाले, हम खोल भी नहीं सकते, नवीन घ्या, एक्स्चेंज ऑफर आहे. तिची काही चूक नाही, तिला जे सांगितलंय तेच ती बोलणार. पण सेल बदलायला कसला पार्ट लागतो?

तिथून बोराबाजारला गेले, फोर्टात, जिथे अजून कॅमेरे उघडून बसलेली माणसं आहेत. ज्यांच्याकडे गेले ते म्हणाले ताई करून देईन, पण तुमचा सेल खालच्या बोर्डावर सोल्डर केलेला आहे, तिथे पोचायला आधी फ्लॅशचा कॅपॅसिटर डिस्चार्ज करायचा, त्यात तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, मग दोन फ्लेक्स केबल, म्हणजे पातळ पट्टीसारख्या वायरी, सोडवायच्या, आणि जुनी फ्लेक्स तुटली तर दुसरी मला कुठूनही मिळणार नाही, सर्विस मॅन्युअल कंपनी बाहेर देत नाही. इतकं खरं बोलणाऱ्या माणसापुढे मी काय हट्ट करणार, कॅमेरा परत पिशवीत घातला.

आता लेखकांनी हे वाचावं. कॅननच्या ४०डी आणि पहिल्या ५डी मध्ये हाच तारखेचा सेल, सीआर २०१६, बॅटरीच्या कप्प्यातच बसवलेला असायचा, घरी बसल्या कोणीही बदलावा. ५डी २००५ सालचा कॅमेरा आहे! म्हणजे जमत नाही असं नाही, करायचं नाही. फुजीफिल्मचा एक्स१०० २०११ ला आला, त्याची पुढची आवृत्ती बाजारात आल्यावरसुद्धा २०१३ मध्ये कंपनीने जुन्याला नवीन फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, दिलं आणि त्याचा ऑटोफोकस सुधारला. लोक अजून त्या कंपनीचं नाव घेतात ते यासाठी.

विक्री पडली हे मला मान्य आहे. २०१० मध्ये जगात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ मध्ये ८० लाखही नाहीत, बाकीचं सगळं मोबाईलने खाल्लं. पण मग जे अजून कॅमेरा धरून आहेत तेच तुमचे उरलेले गिऱ्हाईक ना? त्यांनाच दारातून परत पाठवायचं? आणि मी काही नवीन फीचर मागत नाहीये. पार्ट ठेवणं परवडत नसेल तर ठेवू नका, पण ज्या दिवशी मॉडेल सिस्टममधून काढता त्याच दिवशी त्याचं सर्विस मॅन्युअल आणि शेवटचं फर्मवेअर सगळ्यांसाठी खुलं करा. बोराबाजार पुढचं बघून घेईल. वायफायवाल्या कॅमेऱ्यांचं तर अजूनच अवघड, फोनवरचं अ‍ॅप कंपनीने काढून घेतलं की कॅमेऱ्यातलं वायफाय असून नसल्यासारखं.

कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून कायदा लागू झाला, १०० डॉलरच्या वरच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूला मॉडेल बंद झाल्यावरही ७ वर्षं पार्ट आणि मॅन्युअल द्यायचं. आपल्याकडे २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल आलं, त्यासाठी जी क्षेत्रं ठरवली ती शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब, घरगुती उपकरणं आणि गाड्या. कॅमेऱ्याचं नाव त्यात नाही. तुमच्या लेखात याबद्दल एक ओळ नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आणि लिहितेच आहे तर, त्याच अंकात ठाणे खाडीचा फोटो छापून खाली 'ग्रेटर फ्लेमिंगो' लिहिलंय. ते लेसर फ्लेमिंगो आहेत, दुसरी जात. गडद लाल चोच दिसतेय चक्क, ग्रेटरची गुलाबी असते आणि टोकाला काळी. ही खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तिथला पक्षी छापताना निदान कोणाला तरी विचारत जा.

पुढचा लेख लिहाल तेव्हा कॅमेरा कंपन्यांच्या भारतातल्या ऑफिसांना एवढंच विचारा की मॉडेल बंद केल्यावर मॅन्युअल का देत नाही, आणि जे उत्तर मिळेल ते कंपनीच्या नावासकट छापा. उत्तर दिलं नाही तर तेही छापा.

कळावे,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई