सातशे सहा प्रती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकाने विचारले होते की, पुस्तके खपत नाहीत, मानधन मिळत नाही, तरी ही मंडळी लिहायची थांबत का नाहीत? विचारण्यात थोडी चेष्टा होती, पण प्रश्न रास्त होता. माझी दोन पुस्तके निघाली आहेत (नावे विचारू नका, तुम्ही ऐकलेली नसणार), म्हणून उत्तर द्यायला बसले.

आधी तक्रारी उरकते. पहिले पुस्तक पदरमोड करून काढले. दुसऱ्याला प्रकाशक मिळाला. करारात विक्रीवर १० टक्के लिहिले होते, हिशेब मात्र आजतागायत आलेला नाही. तिसऱ्याचे हस्तलिखित एका प्रकाशनाकडे ७ महिने पडून होते. आठव्या महिन्यात फोन केला तर पलीकडून विचारणा झाली, ‘कुठलं हस्तलिखित?’ पूर्वी नकार ‘साभार परत’ म्हणून यायचा. तेव्हा त्या दोन शब्दांचा संताप यायचा. आता वाटते, निदान कोणीतरी पाकीट उघडून पुन्हा चिकटवायचे कष्ट घेत होते.

अशा वेळी लेखकाला धीर द्यायला प्रागच्या काफ्का या कथा-कादंबरीकाराची गोष्ट हमखास सांगतात. आपले अप्रकाशित लेखन जाळून टाक, असे त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, सांगून ठेवले होते. १९२४ साली काफ्का गेला, ब्रोडने ऐकले नाही आणि जगाला काफ्का मिळाला. छान. पण ज्यांचे मित्र आज्ञाधारक निघाले, त्यांची गोष्ट कोण सांगणार? मेल्यावर नाव होईल या आशेवर लिहिणे म्हणजे आपल्या तेराव्यानंतर सोडत निघणाऱ्या लॉटरीचे तिकीट काढणे.

मला त्यापेक्षा थोरो जवळचा वाटतो. जमीन मोजणीची कामे करून पोट भरणाऱ्या या अमेरिकन लेखकाचे पहिले पुस्तक १८४९ साली निघाले. छापल्या १००० प्रती, आणि खर्चाचा भार त्याच्याच डोक्यावर. १८५३ साली प्रकाशकाने न खपलेल्या ७०६ प्रती गाडीत घालून त्याच्या घरी पाठवून दिल्या. त्या त्याने पाठीवरून माळ्यावर नेऊन रचल्या. रोजनिशीत त्याने लिहिले आहे की, आता माझ्या संग्रहात सुमारे ९०० पुस्तके आहेत आणि त्यातली ७०० हून अधिक मीच लिहिलेली आहेत! इथवरचा विनोद बऱ्याच जणांना माहीत असतो. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच नोंदीत पुढे आहे. त्या ढिगाऱ्याशेजारी बसून त्याने त्याच रात्री लेखणी उचलली, आणि नेहमीइतक्याच समाधानाने.

हे समाधान कसले, ते माझ्यापुरते सांगते. वडिलांवर लेख लिहायला घेतला तेव्हा पहिले वाक्य होते, ‘बाबा फार तापट होते.’ चौथ्या खर्ड्यात त्याचे ‘बाबा सतत घाबरलेले असायचे’ असे झाले. तोवर हे मला माहीत नव्हते. त्यांच्याबद्दल भावंडांत वर्षानुवर्षे बोलूनही कळले नव्हते. तो लेख पुढे कुठेच छापून आला नाही. वाईट वाटले, नाही असे नाही, पण हातात जे यायचे ते आधीच आले होते. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता ओळी जुळत गेल्या, घरच्यांनी त्या टिपून ठेवल्या. १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. त्या ओळी जुळताना छापखाना कुठे होता?

मात्र हे वाचून प्रकाशकांनी हुरळून जाऊ नये. ‘तुम्हाला लिहिल्यावाचून राहवत नाही ना, मग पैसे कशाला?’ हा युक्तिवाद मी चहाच्या कपासोबत ऐकलेला आहे. रंधा मारताना सुताराला आनंद होतो म्हणून त्याची मजुरी कोणी कापत नाही. कागदवाला, छपाईवाला, बांधणीवाला यांच्यापैकी कोणालाही हौसेवर राबवता येत नाही, हे प्रकाशकांना पक्के ठाऊक असते. मग सगळी हौस लेखकाच्याच वाट्याला का? मी पैशांसाठी लिहीत नाही, हे सांगण्याचा अधिकार माझा आहे. समोरच्याने ते गृहीत धरायचे कारण नाही. वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब पाठवावा, भले त्यात १३ प्रती असोत. नको असलेल्या हस्तलिखिताला दोन ओळींचा नकार कळवावा. एवढे झाले तरी पुष्कळ.

त्या वाचकांसाठी ताजी खबर. हरवलेले हस्तलिखित सध्या जुन्या खर्ड्यांवरून पुन्हा लिहिते आहे. दोन प्रकरणे आधीपेक्षा बरी उतरली आहेत. हे त्या प्रकाशनाला मात्र कळवणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक