साखरेची बाई

प्रिय वसुधा,

तुझं पत्र मिळालं. दगडात काम करणाऱ्या तुला 'जे टिकत नाही ते शिल्प कसलं?' असं वाटावं यात नवल नाही. पण ते वाचलं आणि मला अमेरिकन कृष्णवर्णीय कलाकार कारा वॉकरची साखरेची बाई आठवली.

2014 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या डोमिनो साखर कारखान्यात, पाडायला काढलेल्या एका लांबलचक गोदामात ती स्फिंक्ससारखी बसली होती. सुमारे 75 फूट लांब, 35 फूट उंच. चेहरा कृष्णवर्णीय स्त्रीचा, डोक्याला मोलकरणीचा रुमाल आणि अंग पांढरंशुभ्र. आत फोमचे ठोकळे, वर साखरेचा लेप. त्या जागी 1856 पासून बाहेरून आलेली तपकिरी कच्ची साखर पांढरी केली जायची. त्या काळी ती बरीचशी क्युबातून यायची, आणि क्युबात गुलामगिरी 1886 पर्यंत होती! वॉकरनं शिल्पाच्या लांबलचक नावातच उसाच्या मळ्यांपासून स्वयंपाकघरांपर्यंत बिनपगारी राबलेल्यांना मानवंदना दिली आहे.

मला मात्र तिच्यापेक्षा वाटेत उभी असलेली पोरं जास्त लागली. पाचेक फुटांची, टोपल्या घेतलेली. काही रेझिनची, मळीनं माखलेली. काही नुसत्या साखरेची ओतीव. उकाड्यात साखरेची पोरं वितळत गेली, हातपाय गळून पडले, जमिनीवर काळपट चिकट डबकी साचली. गळालेले तुकडे उरलेल्या पोरांच्या टोपल्यांत ठेवले होते. वसुधा, हे दगडात कसं सांगणार? उसाच्या मळ्यात माणसं अशीच संपत, आणि त्यांच्या जागी दुसरी आणली जात.

त्या 'दुसऱ्यां'त आपलीही होती. 1834 नंतर मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गुलामांच्या जागी हिंदुस्थानातले गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, नेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथं स्वतःला मराठी म्हणवतात.

एका गोष्टीचा मला अजून संताप येतो. कितीतरी प्रेक्षक त्या बाईच्या उघड्या अंगाशी अचकटविचकट फोटो काढत होते. वॉकरनं प्रेक्षकांचंही चित्रीकरण करून ठेवलं, ते फार बरं केलं.

जुलैत ती बाई मोडली. तिचा डावा हात तेवढा वॉकरनं राखला. बोटांमधून अंगठा काढलेली ती मूठ 2017 मध्ये ग्रीसच्या हायड्रा बेटावर मांडली होती. माझ्या मते तोही जाऊ द्यायला हवा होता. तुझं मत याच्या अगदी उलट असणार, ते सविस्तर कळव.

तुझी,
मीनल